जुनी पाठदुखी, मानदुखी असेल तर घरी मालिश कशी करायची

आपल्या खान्देशात अंग दुखणं हे कोणी दुखणं म्हणून धरतच नाही. कापूस वेचणीत बाया कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकलेल्या असतात, रावेर-सावद्याकडे पोरं 20-25 किलोचा केळीचा घड खांद्यावर घेऊन गाड्या भरतात, जळगाव-धुळ्याला दुकानात नाहीतर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांची मान आखडते, आणि सगळ्यांचा उपाय एकच, रात्री बाम चोळायचा, फारच झालं तर मेडिकलवरून गोळी. असं दुखणं 3 महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात आणि रोज रोज गोळ्या खाऊन पोट आणि किडनी खराब करून घेण्यापेक्षा घरच्या माणसाकडून नीट मालिश करून घेणं कधीही चांगलं, फक्त ती नीट झाली पाहिजे.

आधी हे बघा की मालिश कोणाला करायची नाही. पाय एकाच बाजूचा सुजलाय, पोटरी गरम आणि लाल झालीय तर हात लावू नका, शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सरकून फुफ्फुसात जाऊ शकते, ते जिवावरचं आहे. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात मुंग्या किंवा बळ कमी वाटणं, असं काही असेल तर आधी डॉक्टर. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं असतील तर जोर अजिबात नको. आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच.

आता तयारी. बाजेवर झोपवू नका, ती मधे दबते आणि कंबर अजून वाकते, खाली सतरंजीवर गोधडी टाका आणि पालथं झोपवून पोटाखाली एक उशी द्या. आधी 15 मिनिटं शेक द्या, थंडीत गरम पाण्याची पिशवी टॉवेलमधे गुंडाळून, आणि मे महिन्यात आपल्याकडे अंगाची तशीच लाही होते तेव्हा नुसती कोमट पाण्याची आंघोळ पुरते. शुगरवाल्या माणसाला चटका पटकन कळत नाही म्हणून पिशवी आधी स्वतःच्या हातावर धरून बघा. बाम लावलेल्या जागेवर गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. तेल तिळाचं घ्या नाहीतर शेंगदाण्याचं, जे घरात आहे ते, तेलाचं काम हात सरकवायचं आहे, दुखणं तेल ओढून घेत नाही, त्यामुळे महागाच्या बाटलीला पैसे घालू नका.

सुरुवात पूर्ण तळहाताने, कमरेपासून खांद्यापर्यंत सावकाश वर, बाजूने हलकेच खाली, 5 मिनिटं फक्त एवढंच. ही 5 मिनिटं लोक खातात, डायरेक्ट अंगठा घुसवतात, मग स्नायू घाबरल्यासारखा अजून घट्ट होतो. मणक्यावर कधीच दाबायचं नाही, मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं सोडून जे जाड स्नायू लागतात तिथे काम करायचं.

मग गाठी शोधा. मान आणि खांदा यांच्या मधला जो मांसल भाग आहे तिथे बहुतेकांना सापडतेच, बोटाखाली दोरीसारखी ताठ पट्टी आणि तिच्यात एक जागा अशी की दाबली की माणूस दचकतो, कधी कधी दुखणं तिथून डोक्यात कानशिलापर्यंत जातं. फिजिओथेरपीवाले याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. त्या जागेवर अंगठा ठेवा आणि हळूहळू दाब वाढवा, चोळायचं नाही, फक्त दाबून धरायचं, 30 सेकंद ते दीड मिनिट. दहापैकी किती दुखतंय ते विचारत राहा, 5-6 च्या पुढे जाऊ देऊ नका, आणि त्याला श्वास सोडायला सांगा. थोड्या वेळात बोटाखालची जागा मऊ लागते, तेव्हा सोडा आणि पुढची बघा. एका वेळी 3-4 गाठी बस झाल्या.

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण हीच की झोपलेला माणूसच म्हणतो, "जोरमा चोय ना भाऊ, काहीच समजत नही". त्याचं ऐकू नका. जेवढा जोर तेवढा गुण असं नसतं, दुसऱ्या दिवशी थोडं अंग ठसठसलं तर चालतं, पण दोन दिवसांच्या वर दुखलं किंवा काळं-निळं पडलं तर दाब जास्त झाला, पुढच्या वेळी निम्मा करा. मानेच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाबायचं नाही, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. आणि मान धरून कडकन मोडायची जी पद्धत काही सलूनमधे आहे ती तर कृपा करून कोणाला करू देऊ नका, त्यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

घरात करणारं कोणी नसेल तर टेनिसचा बॉल मोज्यात टाका, भिंत आणि पाठ यांच्या मधे धरून टेका आणि गाठीवर तसंच थांबा, मोज्याचं टोक हातात असलं की बॉल खाली पडत नाही. ज्या बायांना रात्री स्वयंपाक, भांडी उरकून कोणाला "माझी पाठ दाब" म्हणायची सोय नाही त्यांना हे खूप कामाचं आहे.

आठवड्यातून 2-3 वेळा, 20 मिनिटं, एवढं पुरे. पण नुसत्या मालिशवर राहू नका, तिचा आराम काही दिवसच टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मधे जुन्या कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या त्यात मसाज आहे, पण व्यायामही आहे. म्हणून मालिश झाली की लगेच, अंग मोकळं असतानाच, गुडघे छातीशी धरा, मान हळू दोन्ही बाजूंना झुकवा, रोज अर्धा तास चाला. घड उचलणाऱ्यांनी खांदा आलटून पालटून वापरा, वेचणीवाल्यांनी झोळी गच्च भरेपर्यंत थांबू नका, मधेच रिकामी करा आणि तेवढ्यात कमरेवर हात ठेवून मागे वाका. महिना-दीड महिना असं करून काहीच फरक नाही पडला तर फिजिओथेरपिस्टकडे जा, सिव्हिल हॉस्पिटलमधेही विचारा, आणि जाताना कोणतं काम करताना दुखतं ते नीट सांगा, नुसतं "अंग दुखतं" म्हणू नका.