कोकणातल्या गावात राहायला जाण्यापूर्वी: घर, जमीन, बाग आणि वस्तीची एसटी

कोकणात जमीन पाहायला बहुतेक लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, आणि विकणाऱ्यालाही तेच सोयीचे असते. भात कापणीला आलेले असते, वहाळ अजून वाहत असतो, विहिरीचे पाणी वाकून हाताला लागेल इतके वर असते आणि कातळावरची फुले सरली असली तरी सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, गवत डोळ्यांना सुखावते. देवगड तालुक्यातला एक तुकडा मीही असाच दिवाळीच्या सुट्टीत जवळजवळ पक्का केला होता. शेजारच्या बागेत गडगा (दगडी कुंपण) रचत असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझी चौकशी केली, विहिरीकडे एकदा पाहिले आणि एवढेच म्हणाले, "मे म्हयन्यात येवा, आणि मगे ठरवा." मी मे महिन्यात गेलो तेव्हा विहिरीच्या तळाशी चिखलात एक बेडूक बसलेला होता आणि खालच्या वाडीतल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत होत्या. तो व्यवहार मी केला नाही.

त्यामुळे गावात स्थायिक होऊ पाहणाऱ्याला माझी पहिली सूचना अशी की, जमीन घेण्याआधी त्याच पंचक्रोशीत एक वर्ष भाड्याने राहावे आणि त्या वर्षात एक पावसाळा व एक वैशाख पूर्ण काढावा. बंद घरांना कोकणात तोटा नाही. चाकरमान्यांची चिरेबंदी घरे वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात आणि घर जागते राहावे म्हणून मालक ती नाममात्र भाड्याने देण्यासही तयार होतात. मात्र करार तोंडी न ठेवता लिहून नोंदवावा, आणि गणपतीत, शिमग्यात व मे महिन्यात मालकाचे कुटुंब आले तर कोणत्या खोल्या त्यांच्या व कोणत्या आपल्या, देवाची खोली कोणी उघडायची, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. भाद्रपदात वीस माणसे दारात उभी राहिल्यावर हा विषय काढणे दोन्ही बाजूंना अवघड जाते.

जुन्या कौलारू घरात राहायचे तर आगोटीची तयारी शिकावी लागते. मृग लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, कौले शाकारून घ्यावीत, फुटकी मंगलोरी कौले बदलावीत, लाकूडफाटा पडवीत आणून रचावा आणि पश्चिमेकडच्या बाजूला झापांची किंवा प्लॅस्टिकची आडोशाची भिंत बांधावी, कारण इथला पाऊस वरून पडतो त्याहून जास्त आडवा येतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो, वीज दोन-दोन दिवस जाते आणि मोबाइलचा मनोराही तिच्याबरोबर गप्प होतो. घरून संगणकावर काम करण्याचा विचार असेल तर इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ही चैनीची वस्तू मानू नये.

आरोग्याच्या बाबतीत भीती नको, पण माहिती हवी. चिऱ्यांच्या फटींत, कातळावर आणि पालापाचोळ्यात फुरसे हा विषारी साप असतो. तो लहान दिसतो म्हणून त्याला हलके लेखू नये. सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ठेवलेले असते आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन विचारावे. विंचूदंशाने पूर्वी कोकणात मुले दगावत असत; महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून चित्र पालटले, तरी मुलाला दंश झाला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. लावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका डॉक्टरांसमोर बोलून दाखवावी, आणि दोडामार्ग भागात काजूच्या बागांत वावरणाऱ्यांनी माकडतापाबद्दल आरोग्य विभाग काय सांगतो ते ऐकावे.

प्रवासाचा हिशेब नकाशावर करू नये. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि तिने मुंबई जवळ आणली हे खरे, पण ती किनाऱ्यापासून बरीच आत धावते. दापोलीला जाणाऱ्याला खेडला, गुहागरला जाणाऱ्याला चिपळूणला, मालवणला जाणाऱ्याला कुडाळ किंवा कणकवलीला उतरावे लागते. राजापूर रोड हे स्थानक राजापूर शहरापासून किती लांब आहे, ते रात्री तिथे उतरलेल्यालाच कळते. पावसाळ्यात गाड्या वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या दिवसांची तिकिटे काही मिनिटांत संपतात, म्हणून ती तारीख दिनदर्शिकेवर खुणेने मांडून ठेवावी. घाटावर जाणे-येणे असेल तर कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, आंबोली यांपैकी आपला घाट कोणता आणि तो दरड कोसळून बंद झाला तर दुसरा कोणता, हे ठाऊक असावे. किनाऱ्याने फिरताना मात्र खाडी आडवी येते तिथे दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटी गाडीसकट पलीकडे नेतात आणि लांबचा वळसा वाचवतात.

गावातल्या गावात खरा आधार वस्तीच्या एसटीचा. रात्री येऊन गावात मुक्काम करणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी ही गाडी चुकली की पुढचा अर्धा दिवस गेला असे समजावे. ती वर्षभर येते की रस्ता खचला की चार महिने बंद होते, हा प्रश्न जमीन पाहताना विचारण्यासारखा आहे. दलाल त्याचे उत्तर देणार नाही, कंडक्टर देईल.

आता जमिनीकडे येतो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे ६३ वे कलम तसे सांगते. मुंबई-ठाण्यातल्या अनेक मराठी माणसांना आपण शेतकरी नाही असे उगाच वाटत असते. आजोबांच्या नावे गावात चार गुंठे वरकस (हलकी डोंगरउताराची जमीन) असते, सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव असते आणि वारस नोंद कोणी केलेली नसते. म्हणून दुसऱ्याची जमीन शोधण्याआधी आपल्याच गावचा सातबारा आणि आठ-अ काढून पाहावा. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर तो पाहता येतो आणि १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळतो. शेतकरी असल्याचा कसलाच पुरावा नसेल तर बिनशेती भूखंड किंवा गावठाणातले घर हा सरळ मार्ग आहे. शेतकरी दाखला 'करून देतो' असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नये, कारण पुढे तो दाखला खोटा ठरला की खरेदीही गोत्यात येते. घर घेताना ग्रामपंचायतीचे घरपत्रक पुढे केले जाते. तो करवसुलीचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

कोकणातला सातबारा वाचणे हा एक स्वतंत्र अभ्यासच आहे. नावांची यादी पाहून घाबरायला होते, कारण खोती आणि कुळे यांच्या इतिहासानंतर पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या न झाल्याने एका गटात तीस-चाळीस सहहिस्सेदार सहज सापडतात, त्यांतले काही वारलेले, काही सुरतेला, काही कायमचे परदेशी. विकणारा माणूस 'हा तुकडा आमच्याकडे आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे' असे सांगतो आणि ते पुष्कळदा खरेही असते, पण वहिवाट त्याची असली तरी विक्रीला कागदावरच्या सगळ्यांची संमती लागते. काही जण आपला अविभक्त हिस्सा तेवढा विकू पाहतात. तो घेणे म्हणजे पैसे मोजून भाऊबंदकीत वाटा घेणे. सरस-निरस (जमिनीचा कस पाहून केलेले) वाटप झालेले असेल, पोटहिश्श्याचा वेगळा सातबारा आणि नकाशा असेल, तरच पुढे जावे.

त्यानंतर 'इतर हक्क' हा रकाना. तिथे कुळाचे नाव असेल तर थांबावे. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर ४३ व्या कलमाचा शेरा असेल तर तिच्या खरेदीला दहा वर्षे झाली आहेत का ते पाहावे. झाली असल्यास आकारणीच्या ४० पट नजराणा भरून विक्रीचा मार्ग मोकळा होतो, आणि तो नजराणा भरल्याची पावती विकणाऱ्याकडून आधी घ्यावी. देवस्थानची जमीन, १९७५ च्या कायद्याखालील खाजगी वनाची नोंद, सिंधुदुर्गात आकारीपड किंवा कबुलायतदार गावकर असा शेरा, यांपैकी काहीही दिसले तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती जमीन सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. काही ठिकाणी जमीन एकाची आणि तिच्यावरचा जुना रायवळ आंबा किंवा फणस दुसऱ्याच्या घराण्याचा असतो. हे कागदावर असेलच असे नाही, म्हणून वाडीत बसून विचारावे. समुद्र दिसणाऱ्या जमिनीचा भाव चढा असतो, पण भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो आणि विरळ वस्तीच्या गावांत त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतात. तिथे घर बांधता येणार नसेल तर दिसणाऱ्या समुद्राचे आगाऊ पैसे कशाला द्यायचे?

वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल घेणे, भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेणे आणि मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना स्वतः घरी जाऊन बोलावणे, ही कामे खरेदीखतापूर्वी व्हावीत. रस्त्याची बाब यात सर्वांत नाजूक आहे. ज्या पाखाडीने किंवा पाणंदीने आपण जमीन पाहायला गेलो ती नकाशावर आहे की कोणाच्या तरी खळ्यातून सौजन्याने जाऊ दिले जाते, हे पाहावे. वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे बांधावरून मार्ग मागता येतो, आणि असलेली वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधार आहे. तथापि गावात पहिलेच पाऊल तहसीलदारांच्या दारात टाकणाऱ्याला पुढे नांगरणीला माणूस आणि अडीअडचणीला शेजारी मिळत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

गावाला मान देणे याचा अर्थ देवळाला देणगी देऊन फोटो काढणे असा नाही. बैठकीला बोलावले तर जावे आणि पहिली दोन वर्षे तिथे बोलण्यापेक्षा ऐकावे. रत्नागिरीकडे शिमग्यात पालखी घरी यायची तारीख ठरलेली असते. त्या दिवशी घर बंद असणे लोकांना खटकते. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात देवाचा कौल मिळाला की सगळा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. आपली श्रद्धा असो वा नसो, अशा गावात घर घेणाऱ्याने गावपळणीत आपण काय करणार हे आधी ठरवावे.

बागेतून उत्पन्न काढायचे असेल तर संयम हे पहिले भांडवल. हापूसची कलमे १० बाय १० मीटरवर लावली तर हेक्टरी १००, काजूची ७ बाय ७ मीटरवर सुमारे २०० बसतात. काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोलू लागतो, हापूसकडून हिशेबात धरण्याजोगे उत्पन्न यायला त्याहून बरीच अधिक वर्षे लागतात आणि त्यानंतरही तो एक वर्षाआड रुसतो. नवख्याने सगळी जमीन हापूसखाली घालू नये. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती, वहाळाकाठी नारळ-सुपारी आणि गडग्याच्या कडेने कोकम असे मिश्रण राखले तर एखाद्या फेब्रुवारीतल्या उष्म्याने किंवा अवकाळी पावसाने सगळे वर्ष वाया जात नाही. कलमे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून घ्यावीत. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. विहीर लांब असेल तर प्लॅस्टिक अंथरलेली छोटी जलकुंडे पावसाळ्याअखेर भरून ठेवण्याचा उपाय कातळावर चांगला चालतो.

चालू बाग विकत घेणाऱ्याने मागच्या पाच वर्षांचा पेट्यांचा हिशेब मागावा आणि कलमांना कल्टार (मोहोर आणण्यासाठी देतात ते वाढरोधक) किती वर्षे, किती मात्रेत दिले ते विचारावे. ज्याने बाग कराराने घेतली असेल तो आपल्या दोन-तीन हंगामांपुरता विचार करून झाड पिळून काढतो, असा अनुभव आहे. स्वतः गावात राहत नसाल तर राखणीचा खर्च धरावा. मोहोर सांभाळायला, वानर हाकायला आणि रात्री बाग जागवायला आता अनेक ठिकाणी नेपाळी कुटुंबे असतात, आणि फवारणी, राखण, तोडणी, पेटी, गाडीभाडे व वाशीच्या दलालाची पट्टी वजा जाता जे उरते ते पाहून शहरातले मित्र चकित होतात. डागी आणि बारीक फळ कॅनिंगला किलोवर जाते, त्याचा भाव गृहीत धरू नये. डिसेंबर-जानेवारीत बागेभोवतीचे गवत कापून रुंद पट्टा मोकळा केला नाही तर सड्यावरून आलेला एक वणवा पंधरा वर्षांची कलमे तासाभरात संपवतो.

खरेदीखत नोंदवल्यावर काम संपले असे समजू नये. फेरफाराची नोंद होऊन हरकतीची मुदत जाईपर्यंत आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करेपर्यंत तलाठ्यांकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पाठपुरावा ठेवावा, नवा सातबारा हातात घेऊन त्यातले क्षेत्र खरेदीखताशी ताडून पाहावे, आणि त्यानंतर ई-पीक पाहणीत आपली झाडे स्वतः नोंदवावीत. कारण हवामानावर आधारित फळपीक विम्याचा आंबा-काजूसाठीचा अर्ज साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत भरायचा असतो आणि उताऱ्यावर कलमेच दिसत नसतील तर त्या अर्जाचे पुढे काही होत नाही.