मडगार्डला घासणारे टायर आणि दोरीने करायचे अलाइनमेंट

टायर घासतो म्हटले की 'अलाइनमेंट करून घ्या', म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. परंतु स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच टायर आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासत असेल, तर दोष बहुधा जास्त रुंद टायरचा किंवा न जुळणाऱ्या रिमचा असतो आणि अलाइनमेंटने तो जात नाही. खड्ड्यात गाडी दबल्यावर टायरचा माथा मडगार्डच्या कडेला लागत असेल, तरच पुढचे वाचावे. सस्पेन्शनमधले सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि बुश, ढिले असतील, तर ते आधी बदलावेत.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) गाडीत स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब, म्हणजे मध्यभाग, धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्या जागी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, बदलणारा कॅम्बर बोल्ट बसवून चाकाचा माथा आत झुकवावा. एका अंशाला माथा साधारण 7 ते 8 मिलिमीटर आत येतो, पण तेवढाच तो स्ट्रटच्याही जवळ जातो, म्हणून तिथे बोटभर फट उरली आहे ना, हे पाहावे. एका अंशापुढे जाऊ नये, टायरची आतली कड झिजते.

कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर किती वळली आहे ते, बिघडतोच, आणि माझी फजिती इथेच झाली होती. टो मोजायला मी गवंड्याची नायलॉनची दोरी हबच्या उंचीवर दोन्ही बाजूंना ताणली आणि गाडी जॅकवरून उतरवताच माप घेतले. लटकलेली चाके खाली येताना बाहेर पसरू पाहतात, पण रबर जमिनीला धरून राहते, त्यामुळे ते माप निखालस खोटे असते. त्यापायी मी नव्या टायरांची एक जोडी घालवली. आता मी पुढच्या चाकांखाली फरशीचे दोन-दोन गुळगुळीत तुकडे मध्ये ग्रीस लावून ठेवतो, बॉनेट तीन-चारदा दाबतो आणि मगच मोजतो. मागच्या चाकांखालीही तेवढ्याच जाडीच्या फरश्या हव्यात.

दोरी टायरला टेकवून ताणा, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले आडवे अंतर बहुतेक गाड्यांत सारखे नसते. दोन्ही दोऱ्यांमधले अंतर गाडीच्या पुढे आणि मागे समान हवे, तसेच पुढच्या दोन्ही हबपासून आपापल्या दोरीचे अंतर सारखे आणि मागच्या दोन्ही हबपासूनही सारखे हवे. हे जुळवायला अर्धा तास लागतो, तो द्यावा. मग स्टिअरिंग सरळ बांधून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजावे. 14 इंची रिमवर 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 0.15 अंश.

लॉकनट सैल करून दोन्ही टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकांना वळवणारे दांडे) सारखेच फिरवावेत आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टो गाठावा. लॉकनट आवळताना रॉड थोडा फिरतो, म्हणून पुन्हा मोजावे. शेवटी मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासून, मागे तीन माणसे बसवून, गतिरोधकांवरून गाडी न्यावी आणि खडू पुसला गेला आहे का ते पाहावे.