या चुका टाळा: द्रवप्रवाहाचं टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन

ठरलेल्या जागेत द्रवाची वाट कुठे आणि भिंत कुठे, हे सॉफ्टवेअरकडूनच शोधून घ्यायचं, म्हणजे टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन. प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की मुंबईतल्या एम.टेक.च्या मुलांकडून तेच प्रश्न सुरू होतात. 'कन्व्हर्ज होत नाही' (उत्तर स्थिरावतच नाही), 'स्क्रीनवर प्रेशर ड्रॉप कमी होता, प्रत्यक्षात दुप्पट आला', 'एका आउटलेटला पाणीच नाही'. दोष सॉफ्टवेअरचा क्वचितच असतो. दुसऱ्याच्या उदाहरणातला आकडा उचलून आपल्या प्रश्नात चिकटवलेला असतो.

अल्फामॅक्स उसना घेणे

बोरवाल आणि पीटरसन यांनी २००३ साली मांडलेल्या रीतीत प्रत्येक सेलला (मेशमधल्या घराला) ० ते १ मधली किंमत असते. १ म्हणजे द्रव, ० म्हणजे घन. (स्ट्रक्चरवाले इथेच उलटसुलट करतात, त्यांच्याकडे १ म्हणजे घन.) घन सेल ही खरी भिंत नसते, तो अतिशय घट्ट सच्छिद्र पदार्थ असतो. त्यातून वाहणाऱ्या द्रवाला 'अल्फा गुणिले वेग' इतका विरोध होतो. अल्फामॅक्स, म्हणजे पूर्ण घन सेलमधला अल्फा, कमी पडला की भिंत झिरपते आणि ऑप्टिमायझर त्या झिरपण्याचा पुरेपूर फायदा उठवतो.

एका गटाचा मॅनिफोल्ड घ्या. एक इनलेट, चार आउटलेट, १० मिमी रुंद वाटा, पाण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटर, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (जडत्व आणि घर्षण यांचं गुणोत्तर) साधारण १०००. अल्फामॅक्स १०,००० ठेवला होता, तो संथ स्टोक्स प्रवाहाच्या एका उदाहरणातून घेतलेला. स्क्रीनवर चारही तोंडांना सारखं पाणी. ॲक्रिलिकमध्ये कापून नळाला जोडलं, बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मोजायला बसले, तर चौथं तोंड कोरडं. ०.५ चा थ्रेशोल्ड लावून (वर ते द्रव, खाली ते घन) आकार काढला होता आणि चौथ्या वाटेत २ मिमी जाडीची घन पट्टी आडवी पडली होती.

आता हिशोब पाहा. त्या पट्टीतून जायला लागणारा दाब १०,००० × ०.१ × ०.००२, म्हणजे अवघा २ पास्कल. पाण्याचा स्वतःचा गतिज दाब ५ पास्कल. पाणी पट्टी भेदून सहज पुढे जाणारच, आणि तेवढा द्रव वाचला म्हणून व्हॉल्यूमची अटही (द्रवाने एकूण किती जागा घ्यायची) खूश. अल्फामॅक्स दहा लाख असता, तर त्याच पट्टीला २०० पास्कल लागले असते आणि ती वाट ऑप्टिमायझरनेच मोकळी ठेवली असती.

माझा नियम सोपा आहे. दोन आकडे काढा. पहिला घर्षणाचा: स्निग्धता भागिले (डार्सी नंबर × लांबीचा वर्ग), डार्सी नंबर (पदार्थ किती झिरपतो याचं माप) ०.००००१ आणि लांबी म्हणजे वाटेची रुंदी धरून. दुसरा जडत्वाचा: घनता × वेग ÷ लांबी, त्याच्या शंभरपट. मोठा येईल तो घ्या. वरच्या मॅनिफोल्डमध्ये दोन्ही दहा लाखच येतात. पण पहिल्या फेरीपासून दहा लाख लावू नका, डिझाइन जागच्या जागी गोठतं. १०,००० पासून सुरू करून कन्व्हर्ज झाल्यावर दहापट करत न्या. शेवटी वेगाचं चित्र लॉग स्केलवर काढा. साध्या रंगपट्टीत झिरपणं निळ्यात बुडून जातं. मग घनभागातून आडवा छेद घेऊन तिथला प्रवाह मोजा. एकूण प्रवाहाच्या एक टक्क्याहून जास्त निघाला, तर ते डिझाइन पुढे नेऊ नका.

ओपनफोम या मोफत प्रवाह-सॉफ्टवेअरच्या पिट्झडेली (पायरीवरून जाणारी हवा) ॲडजॉइंट ट्यूटोरियलमधला २०० हा आकडा तर जागोजागी दिसतो. तिथे अल्फा घनतेने भागलेला असतो, त्याचं एकक 'प्रतिसेकंद'. सेकंदाला १० मीटर वेगाची हवा त्या 'घनात' १० ÷ २००, म्हणजे ५ सेंटिमीटरच्या घरात घुसते. तिथली पायरीच २५.४ मिमी उंच आहे. सॉल्व्हर चालवायला शिकण्यासाठी ते ठीक, आपल्या डिझाइनसाठी नाही.

टूडीमध्ये खोली विसरणे

कूलिंग प्लेटवाल्यांची ही लाडकी चूक. चॅनेल १ मिमी खोल असेल, तर वरच्या-खालच्या प्लेटचं घर्षण टूडी मॉडेलला दिसतच नाही. ते १२ × स्निग्धता ÷ खोलीचा वर्ग असं घालावं लागतं. पाण्यासाठी ते १२,००० येतं. म्हणजे वर ज्याला आपण घन समजत होतो, त्याहून जास्त विरोध इथे मोकळ्या वाटेतच आहे! हे पद द्रवाच्या सेललाही लागतं, आणि अल्फामॅक्स त्याच्या किमान हजारपट हवा.

ग्रेडियंट न तपासणे

याला सबब नाही. सेलची किंमत जरा बदलली की उद्दिष्ट किती बदलतं, तो ग्रेडियंट; ॲडजॉइंट रीत तो सगळ्या सेलसाठी एकदम काढते. पाच-सहा सेल निवडा, काही कडेचे, काही मधले. प्रत्येकाची किंमत थोडी वर-खाली करून सेंट्रल डिफरन्स काढा आणि ॲडजॉइंटशी ताडून पाहा. पायरी ०.०१ पासून दहापटीने लहान करत न्या. फरक आधी कमी होतो, मग राउंड-ऑफमुळे वाढतो. मधल्या टप्प्यात चार-पाच अंक जुळले पाहिजेत. 'फ्रोझन टर्ब्युलन्स' (डिझाइन बदललं तरी टर्ब्युलन्स तोच धरणं) वापरत असाल तर इतके जुळणार नाहीत, निदान चिन्ह तरी जुळतंय का पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळून रात्रभर लॅपटॉप तापवणाऱ्यांची घाई मला खरंच समजत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

इनलेट-आउटलेटला लागूनच डिझाइनचा भाग सुरू करू नका. चॅनेलच्या रुंदीइतका तरी पक्का द्रवाचा तुकडा आधी ठेवा.

नुसती ऊर्जाहानी कमी करायची असेल, तर सवयीने फिल्टर (शेजारच्या सेलच्या किमतींची सरासरी) लावू नका, कडा उगाच करड्या होतात. उष्णता जोडलीत की मात्र फिल्टर हवाच.

बोरवाल-पीटरसन यांच्याच दोन पाइपांच्या प्रसिद्ध उदाहरणात लांबी दीडपट केल्यावर पाइप मध्ये एकत्र यायला हवेत. वेगळेच राहिले, तर लोकल मिनिममवर (आसपास चांगलं, पण एकूणात नाही अशा उत्तरावर) अडकलात. मूळ उदाहरणाप्रमाणे क्यू (किंमतीवरून अल्फा काढण्याच्या सूत्रातला आकडा) आधी ०.०१ ठेवा, तिथलं उत्तर घेऊन ०.१ वर जा.

पन्नास फेऱ्या झाल्या म्हणून थांबू नका. एमएमए (ऑप्टिमायझरची एक रीत) डोलत असेल तर मूव्ह लिमिट, म्हणजे एका फेरीत किंमत किती बदलू द्यायची ती मर्यादा, ०.२ वरून ०.०५ वर आणा.

आणि अंतिम आकाराला नवा, भिंतीला धरून बसणारा मेश घालून पुन्हा सोडवा. ३ मिमीची वाट गुळगुळीत करताना दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी गेली, तर तेवढ्याच प्रवाहाला लॅमिनार स्थितीत दाब सव्वातीनपटीहून जास्त लागतो. साकीनाक्याच्या किंवा वसईच्या जॉबशॉपमध्ये फाइल पाठवण्याआधी त्यांच्याकडचा सर्वांत लहान एंडमिल (कापायचं फिरतं हत्यार) किती मिमीचा आहे, तेही विचारून घ्या. ३ मिमीचा असेल, तर २ मिमीची वाट त्यातून निघणार नाही, आणि प्रत्येक आतल्या कोपऱ्याला दीड मिमीची गोलाई येईल. नव्या मेशमध्ये ती गोलाई धरा.