पेनी ऑक्शनने कार्डावर साठ डॉलर लावले? बँकेला ‘फ्रॉड झाला’ असं सांगू नका

साइटवर दिसतं की कुणाला तरी आयपॅड तेवीस डॉलरला मिळाला. आपण ‘फुकट नोंदणी’चं बटण दाबतो. नाव, पत्ता, मग ‘खातं पूर्ण करण्यासाठी’ कार्डाचा नंबर. दोन मिनिटांत फोनवर बँकेचा संदेश येतो: साठ डॉलर. आपण तर काही विकत घेतलेलंच नसतं.

न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हे घडलंय. नव्याने आलेले विद्यार्थी, मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील, आणि २०१० साली मी स्वतः. त्यानंतर इतरांसाठी अशा तक्रारींची पत्रं मी पुष्कळ वेळा लिहून दिली. माझ्याकडे येणाऱ्याला दरवेळी कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं: ‘बँकेला फोन कर, फ्रॉड झाला म्हण, पैसे परत मिळतात.’ हा सल्ला वाईट आहे. माझे साठ डॉलर त्यानेच बुडाले.

ते साठ डॉलर कसले, ते आधी समजून घ्या, कारण पत्रात ते लिहावं लागतं. पेनी ऑक्शनमध्ये बोली लावायलाच पैसे पडतात. नोंदणी करताना तुम्हाला बोल्यांचा एक गठ्ठा विकला जातो, त्याला ‘बिड पॅक’ म्हणतात. साठ सेंटची एक, अशा शंभर बोल्या म्हणजे साठ डॉलर. प्रत्येक बोलीने वस्तूची किंमत एका सेंटने वाढते आणि लिलाव संपायची वेळ काही सेकंदांनी पुढे जाते. पन्नास डॉलरला ‘गेलेल्या’ टीव्हीवर पाच हजार बोल्या पडलेल्या असतात, म्हणजे साइटच्या खिशात बोल्यांचेच तीन हजार डॉलर. हरलेल्यांच्या बोल्या गेल्या त्या गेल्या. जर्मनीत २००५ साली टेलिबिड नावाने सुरू झालेल्या स्वूपोने ही पद्धत अमेरिकेत गाजवली आणि २०११ मध्ये तिचं दिवाळं निघालं. पद्धत मात्र राहिली.

एक गोष्ट आत्ताच सांगते. तुम्हाला बोलीचे पैसे पडतात हे माहीत होतं, तुम्ही खेळलात आणि हरलात, तर डिस्प्यूट, म्हणजे त्या रकमेबद्दल बँकेकडे तक्रार, करू नका. तसली पत्रं मी लिहून देत नाही. खालचं सगळं ज्यांना किंमत न दाखवता पैसे लावले गेले त्यांच्यासाठी आहे.

त्याच दिवशी

खात्यातली एकही बोली वापरू नका. ‘आता पैसे गेलेच आहेत तर लावून बघू’ म्हणून दहा बोल्या लावल्या, की तुम्ही सेवा स्वीकारली असं साइट म्हणते आणि बँक ते मानते.

मग पुरावे. स्टेटमेंटवरची ओळ जशीच्या तशी टिपून घ्या, कारण तिथलं नाव साइटच्या नावापेक्षा बहुतेक वेळा वेगळं असतं. ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोतून नोंदणीची पानं कार्डाच्या पानापर्यंत पुन्हा उघडा, कार्ड न देता, आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घ्या. ‘फुकट’ किती मोठ्या अक्षरात आहे आणि साठ डॉलर कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या करड्या रंगात आहेत, ते त्या चित्रात दिसलं पाहिजे. हे आजच करा. साइटवाले पानं बदलतात. बदललंच असेल तर वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जुनं पान मिळतं का बघा. साइटच्या अटींतला परताव्याचा परिच्छेदही जपून ठेवा.

साइटला लेखी कळवा

ईमेल करा, फोन नको. चारच वाक्यं: किंमत नोंदणीच्या वेळी दिसली नाही, एकही बोली वापरलेली नाही, खातं बंद करा, सगळी रक्कम परत करा. पुढचे कुठलेही पैसे कार्डावर लावायला माझी परवानगी नाही, हेही त्यात घाला. सात दिवस वाट बघा. कधी कधी पैसे इथेच परत येतात आणि पुढचं काही करावं लागत नाही. ‘परत करतो’ असं उत्तर आलं आणि पैसे आले नाहीत, तर ते उत्तर सोन्यासारखं जपा.

बँकेला काय सांगायचं

सगळे इथे अडकतात. मीही अडकले होते.

बँकेला फोन केला की पलीकडची व्यक्ती पहिला प्रश्न विचारते, ‘हा व्यवहार तुम्ही केला का?’ मी रागात होते. मी म्हटलं, ‘नाही, मुळीच नाही.’ तिने फ्रॉडची तक्रार नोंदवली, कार्ड बंद केलं, नवं पाठवलं, आणि दोन दिवसांत साठ डॉलर तात्पुरते जमा झाले. मी निर्धास्त झाले. सहा आठवड्यांनी तेच साठ डॉलर पुन्हा स्टेटमेंटवर, आणि सोबत साइटने बँकेला पाठवलेली कागदपत्रं. माझं नाव, घरचा पत्ता, आमच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, नोंदणीची वेळ सेकंदासकट, अटी मान्य असल्याच्या चौकोनातली खूण, आणि त्या संध्याकाळी मी लावलेल्या अकरा बोल्या.

मी पुन्हा फोन केला. म्हटलं, नोंदणी मी केली होती, पण पैसे लागतील हे दाखवलं नव्हतं. उत्तर आलं, ‘मागच्या वेळी तुम्ही हा व्यवहार केलाच नाही असं सांगितलंत. आज म्हणताय केला, पण फसवलं. आम्ही कुठलं धरायचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. फसवणूक खरी होती, पण माझ्याच पहिल्या वाक्याने ती सिद्ध करायची वाट बंद झाली होती.

बँक फक्त तुम्ही मांडलेल्या प्रश्नाचा तपास करते. ‘मी केलं नाही’ म्हटलंत, तर ती एवढंच बघते की तुम्ही केलं की नाही. साइटकडे तुम्ही केल्याचा भरपूर पुरावा असतो, निकाल साइटच्या बाजूने लागतो. किंमत दाखवली होती का, हा प्रश्न त्या फायलीत कधी येतच नाही. तक्रारीच्या कारणांची व्हिसाची एक यादी असते. तिच्यात कार्ड समोर नसताना, म्हणजे ऑनलाइन किंवा फोनवर, झालेल्या फ्रॉडचा कोड १०.४ आहे, चुकीची माहिती देऊन केलेल्या विक्रीचा १३.५. कोड वेगळा म्हणजे साइटने द्यायचा पुरावाही वेगळा. १०.४ ला ती आयपी पत्ता दाखवून सुटते. १३.५ ला तिला दाखवावं लागतं की तिने किंमत आणि अटी नीट सांगितल्या होत्या. तिची खरी अडचण तिथे आहे, आणि तुमचे स्क्रीनशॉट तिथे कामाला येतात.

म्हणून फोन उचलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: कार्डाचे सोळा आकडे कुणी टाइप केले? तुम्ही केले असतील तर हा फ्रॉड नाही. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: ‘नोंदणी मी केली, पण या रकमेला मी संमती दिलेली नाही. मला फ्रॉड विभाग नको, बिलिंग डिस्प्यूट नोंदवायचा आहे.’ बँकेच्या अॅपमध्ये ‘हा व्यवहार ओळखीचा नाही’ हा पर्याय सगळ्यात वर असतो आणि बोट आपोआप तिथे जातं. तो दाबू नका. खाली खरेदीत अडचण असल्याचा पर्याय असतो, तो घ्या. आकडे तुम्ही किंवा घरातल्या कुणीच टाइप केले नसतील, साइटचं नावही ऐकलेलं नसेल, तर मात्र तो सरळ फ्रॉड आहे. तेव्हा एक मिनिट न घालवता तसंच सांगा आणि कार्ड बंद करून घ्या.

पुढे कारण विचारतील. तुमच्याकडे जे सगळ्यात पक्कं असेल ते पुढे करा. साइटने परतावा कबूल करून दिला नाही, हे सगळ्यात भक्कम. साइटच्याच अटींच्या मुदतीत रद्द केलं आणि तरी पैसे दिले नाहीत, हे त्याखालोखाल. किंमत लपवली, हे तिसरं, कारण ते स्क्रीनशॉटवर अवलंबून असतं. तिन्ही लागू असतील तर मुख्य म्हणून एकच सांगा, बाकीची पत्रात येऊ द्या.

अजून एक गुंता. पुष्कळदा साठ डॉलरच्या मागोमाग दरमहा सदस्यत्वाचे पैसे लागू लागतात. दोन्ही एकाच तक्रारीत कोंबू नका. साठ डॉलरच्या वेळी तुम्ही कार्ड दिलं होतं, मासिक रकमेचं नावही काढलेलं नव्हतं, म्हणून कारणं वेगळी आहेत. प्रत्येक रक्कम वेगळी नोंदवा. आणि ‘कार्ड बदललं की थांबेल’ यावर विसंबू नका. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडेही नवा नंबर दुकानदाराकडे आपोआप पोहोचवण्याची सोय आहे. या साइटची परवानगी मागे घेतली आहे असं बँकेला स्पष्ट सांगून त्याची नोंद करायला लावा.

पत्र

अॅपवर तक्रार नोंदवली, काम झालं, असं समजू नका. अमेरिकेत तुमचे हक्क १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्टमधून येतात, आणि तो कायदा लेखी पत्र मागतो. चूक असलेलं पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत ते बँकेकडे पोहोचलं पाहिजे. पैसे भरायच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र धरत नाहीत. स्टेटमेंटच्या मागे बिलाबद्दलच्या चौकशीचा वेगळा पत्ता असतो, तिथेच पाठवा, सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह, म्हणजे पत्र पोहोचल्याची पावती हातात राहते.

पत्र इंग्रजीतच जाणार, पण एका पानापेक्षा मोठं नको. नाव, खाते क्रमांक, तारीख, रक्कम, स्टेटमेंटवरचं नाव. मग घटना क्रमाने: अमुक दिवशी फुकट नोंदणी म्हणून कार्ड दिलं, किंमत ठळकपणे दाखवलेली नव्हती, एकही बोली वापरली नाही, अमुक तारखेला ईमेलने रद्द केलं, उत्तर आलं नाही किंवा नकार आला. एक वाक्य कायद्याचं: २०१० च्या रिस्टोअर ऑनलाइन शॉपर्स कॉन्फिडन्स अॅक्टप्रमाणे आपोआप पुढे चालू राहणाऱ्या आकारणीत कार्डाची माहिती घेण्याआधी सगळ्या महत्त्वाच्या अटी स्पष्ट सांगाव्या लागतात. हे वाक्य मासिक सदस्यत्वाच्या रकमेसाठी वापरा. सोबत स्क्रीनशॉट आणि ईमेलच्या प्रती, मूळ कागद नाहीत. किती मनस्ताप झाला, साइट किती नीच आहे, हे लिहू नका. वाचणारा माणूस तारखा शोधत असतो.

बोल्या वापरून झाल्या असतील तर तेही खरं लिहा. साइट ते दाखवणारच आहे. न वापरलेल्या बोल्यांचे पैसे तरी मागता येतात.

नंतर

बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलच्या आत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निर्णय द्यायचा. तोवर वादातली रक्कम तुम्ही रोखून धरू शकता आणि त्याबद्दल थकबाकीदार म्हणून बँक तुमची नोंद करू शकत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा. ऑटोपे चालू असेल तर आधी तो बदला, नाहीतर वादातली रक्कमही मुकाट भरली जाते.

निकाल विरुद्ध गेला तर कारण लेखी मिळतं, आणि साइटने दिलेली कागदपत्रं मागता येतात. ती नक्की मागा. मासिक रकमेला तुम्ही संमती दिल्याचा कागद त्यांत नसतो, असं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा तेवढं दाखवून दिल्यावर बँकेने फाइल पुन्हा उघडली. तरीही नाहीच म्हटलं, तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे बँकेविरुद्ध आणि तुमच्या राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे साइटविरुद्ध तक्रार करा. दोन्ही ऑनलाइन होतात.

डेबिट कार्ड दिलं असेल तर हे संरक्षण फार तोकडं आहे. तो कायदाच वेगळा, आणि पैसे खात्यातून आधीच गेलेले असतात. अशा साइटवर डेबिट कार्ड देऊच नका.

कार्ड भारतातल्या बँकेचं असेल तर

पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याचं असंच झालं. ‘मावशी, ओटीपी आलाच नाही, मग पैसे कसे गेले?’ भारतीय साइटवर ओटीपीची सवय लागलेली असते. परदेशी साइट तो न मागताच पैसे घेऊ शकते. सगळ्यात आधी अॅपमधून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करा.

‘आकडे कुणी टाइप केले’ हा प्रश्न इथेही तोच. तुम्ही केले नसतील तर दिवस मोजा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेल्या नियमाप्रमाणे त्रयस्थाने केलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर तुमच्यावर काहीच जबाबदारी राहत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ती मर्यादित राहते, त्यानंतर बँकेचं धोरण चालतं. तुम्ही केले असतील तर वर सांगितलेलीच हकिकत बँकेच्या डिस्प्यूट फॉर्ममध्ये लिहा. परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे डॉलरच्या व्यवहारावर बँक लावते तो जादा आकार, आणि त्यावरचा जीएसटीही परत मागा, लोक तो विसरतात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

भाच्याचे साठ डॉलर दोन महिन्यांनी परत आले. तिसऱ्या महिन्यात मात्र वेगळ्याच नावाने पंधरा डॉलर लागले. नवी तक्रार, नवं कारण, तेच स्क्रीनशॉट. पैसे परत आले तरी पुढची तीन स्टेटमेंटं ओळ न ओळ वाचा.