तीनची चार झाले: पूल लीगमधलं पहिलं वर्ष कसं काढावं

मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास मी बारच्या पार्किंगमध्ये गाडी गरम व्हायची वाट बघत बसलेली असते, तेव्हा सांगलीत बुधवारची सकाळ झालेली असते. आईचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, ‘जिंकलीस का गं?’ सुरुवातीला सलग नऊ आठवडे मी ‘नाही’ म्हणत होते. त्यावर तिचा दुसरा प्रश्न, ‘मग जातीस कशाला त्या काठ्या घेऊन?’

त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पण न्यू जर्सीतल्या एका बारमध्ये दीड वर्ष एट-बॉल (काठी-चेंडूंच्या पूल या खेळाचा प्रकार: आधी आपले सात चेंडू पॉकेटमध्ये घालायचे, शेवटी आठ नंबरचा) खेळल्यावर नव्या माणसाने कुठे ठेचकाळू नये एवढं मात्र सांगता येईल. खास करून आपल्याकडच्या लोकांना. लहानपणी सुट्टीभर कॅरम कुटलेला असतो, त्यामुळे पूलचं टेबल दिसलं की ‘त्यात काय!’ असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आधी तुमचा आकडा समजून घ्या

आमची लीग अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनची, म्हणजे एपीएची. १९७९ साली टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन खेळाडूंनी ती सुरू केली आणि आता अमेरिकेत गावोगावच्या बारमध्ये ती चालते. वर्षात तीन हंगाम असतात. संघात आठ जणांची नावं घालता येतात, पण एका रात्री खेळतात पाच. समोरच्या संघाचेही पाच. एकास एक असे पाच सामने होतात.

प्रत्येकाला एक आकडा असतो, एट-बॉलमध्ये २ ते ७. खेळ जितका चांगला तितका आकडा मोठा. मी आले तेव्हा लीगमध्ये नव्याने आलेल्या पुरुषाला ४ मिळायचा, बाईला ३. याचा मला पहिल्या दिवशी भयंकर राग आला. अजून मी काठी हातात धरली नाही आणि तुम्ही मला एक पायरी खाली उभं करताय? तो तीन किती मोलाचा होता हे तो गेल्यावर कळलं.

कारण सामना किती डावांचा हे आकड्यांवर ठरतं. मी तीन आणि समोरचा सात असेल तर मला दोन डाव जिंकायचे, त्याला सहा. दोघंही तीन असू तर दोन-दोन. दोघंही चार असू तर तीन-तीन. म्हणजे सात आकड्याच्या माणसाने पाच डाव धडाधड जिंकले तरी मला मधले दोन पुरतात. हे कागदावर वाचून मी घरी नवऱ्याला म्हणाले होते, ‘हे तर फुकटच आहे.’ नऊ आठवडे!

आणखी एक. तीन किंवा त्याखालच्या खेळाडूला एका डावात दोन टाइमआउट मिळतात, चार आणि वरच्यांना एक. टाइमआउट म्हणजे मिनिटभर कॅप्टन टेबलाशी येऊन कानात सांगणार, काय मार, कुठून मार. नवीन असाल तर दोन्ही वापरा. मला मागायची लाज वाटायची. शाळेत बाईंना ‘समजलं नाही’ म्हणायची वाटते ना, तशीच. त्या लाजेत किमान तीन सामने घालवले असतील.

काठी

विकत घेऊ नका. निदान पहिल्या हंगामात नको. भिंतीवर टांगलेल्या काठ्यांतली एक घ्या, टेबलावर आडवी लोळवा. टोक टपटप उडत असेल तर ती वाकडी आहे, दुसरी घ्या. वजन साधारण १९ औंस, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या जरा आत, बऱ्याच जणांना चालतं. टोकाचं चामडं गुळगुळीत चकचकीत झालेलं असेल तर चॉक धरणार नाही, तीही बाजूला ठेवा. आणि चॉक प्रत्येक शॉटआधी लावा. कॅरममध्ये पावडर एकदा भुरभुरली की बोर्डभर पुरते, ती सवय इथे नडते.

कॅरमचा हात: काय ठेवायचं, काय सोडायचं

कट किती पातळ घ्यायचा, रिबाउंड कुठून फिरेल हे डोळ्यात बसलेलं असतं, ते ठेवा. अमेरिकन संघसोबत्यांना मी जे ‘बँक’ शॉट, म्हणजे चेंडू कडेला आपटून घालायचे, सहज मारताना दिसते ते सगळे आमच्या वाड्याच्या ओसरीवरचे आहेत.

पण दोन गोष्टी मुळापासून वेगळ्या आहेत आणि त्या कळायला मला फार वेळ लागला. पहिली वजनाची. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमचा, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. त्यामुळे सोंगटीला धडकूनही स्ट्रायकर पुढे जातोच. पूलमध्ये काठीने मारायचा पांढरा चेंडू आणि बाकीचे चेंडू जवळजवळ सारख्या वजनाचे. समोरासमोर लागला आणि पांढरा त्या क्षणी नुसता घसरत असेल, लोळत नसेल, तर तो जागच्या जागी थांबतो. खिळा ठोकल्यासारखा. पहिल्यांदा झालं तेव्हा मला टेबलाला गोंद लागलाय असं वाटलं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. कॅरममध्ये सोंगटी घेतली की स्ट्रायकर परत हातात येतो आणि तो रेषेवर हवा तिथे ठेवता येतो. इथे पांढरा जिथे थांबेल तिथूनच पुढचा शॉट. कॅरमवाल्याचं सगळं लक्ष जाणाऱ्या सोंगटीकडे असतं, इथे निम्मं लक्ष राहणाऱ्या चेंडूकडे हवं. मी तीन-चार चेंडू सुरेख घालायचे आणि मग पांढरा रेलला, म्हणजे टेबलाच्या कडेला, असा चिकटून बसायचा की काठी उभी धरल्याशिवाय मारताच येऊ नये.

म्हणून सराव करायचा तर पांढरा थांबवायचा करा. रविवारी दुपारी बार रिकामा असतो, मी क्वार्टरची नाणी घेऊन जाते. एक चेंडू कोपऱ्याच्या सरळ रेषेत ठेवायचा, पांढरा हातभर अंतरावर, आणि मध्याच्या किंचित खाली मारायचं. थांबला की अंतर वाढवायचं. अंतर वाढेल तसं अजून खाली मारावं लागतं, कारण कापडावरून जाता जाता चेंडू लोळायला लागतो. नाण्यांच्या टेबलावर घातलेले चेंडू पोटात जातात आणि पुन्हा पैसे टाकल्याशिवाय येत नाहीत. त्यावर माझा तोडगा म्हणजे चेंडू पॉकेटच्या तोंडाशी पोचेल इतपतच जोर लावायचा आणि पडण्याआधी हाताने धरायचा. यात जोरावर ताबा येतो, हा वरचा फायदा.

नियमातली एक मेख सांगून ठेवते. आपल्या चेंडूला पांढरा लागल्यावर कुठला तरी चेंडू पॉकेटमध्ये गेला पाहिजे किंवा कुठला तरी रेलला लागला पाहिजे. नाहीतर फाउल. माझ्या पहिल्याच सामन्यात मी पांढरा हळूच नेऊन माझ्या चेंडूला टेकवला, कॅरममध्ये टेकवतो तसा नाजूक, आणि स्वतःवर खूश होऊन मागे सरकले. समोरचा गडी हसला आणि त्याने पांढरा उचलून हवा तिथे ठेवला. फाउल झाला की समोरच्याला अशी मुभा मिळते. म्हणजे त्याला पुन्हा स्ट्रायकर हातात दिल्यासारखंच.

मोठ्या आकड्याच्या माणसाशी कसं खेळायचं

इथे मी सगळ्यात जास्त हरले, म्हणून इथे जरा थांबते.

माझी वही आहे. त्यात मी हरले-जिंकले लिहीत नाही, डाव कुठे गेला ते लिहिते. नऊ आठवड्यांनंतर ती उलगडून बघितली तर एकच ओळ परत परत दिसली: ‘पाच घातले, दोन राहिले, त्याने टेबल साफ केलं.’ माझे पाच चेंडू गेल्यावर टेबल मोकळं झालेलं असायचं. मोकळ्या टेबलावर सात आकड्याच्या माणसाला अडवणार कोण? माझेच चेंडू त्याच्या वाटेत उभे होते तेव्हा मी सुरक्षित होते, आणि मीच ते उचलून देत होते.

तेव्हा चेंडू मोजण्याआधी शेवटपर्यंत वाट आहे का ते बघा. तुमचे दोन चेंडू आठच्या आसपास गुंतलेले असतील तर बाकीचे पाच घालायची घाई करू नका. एखादा चेंडू पॉकेटच्या तोंडाशी आहे? राहू दे. ते पॉकेट समोरच्याला बंद आहे आणि तुमचा तो कधीही जाणार आहे. शॉट अवघड असेल तर पांढरा त्याच्या चेंडूंपासून लपवा, आणि मारण्याआधी गुण लिहिणाऱ्याला मोठ्याने ‘डिफेन्स’ म्हणून सांगा. ते नोंदवलं जातं. आपल्याला वाटतं हा भेकडपणा आहे. मला तर वाटायचंच, कॅरममध्ये आमचा एक काका सोंगटी लपवत बसायचा आणि त्याच्याशी कुणी खेळायचं नाही. आता मी तो काका झालेय.

आठच्या बाबतीत वेगळंच. तो कुठल्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी खूण ठेवून दाखवावं लागतं. इतर चेंडू नशिबाने कुठेही गेले तरी चालतात, आठ नाही. दुसऱ्या पॉकेटमध्ये गेला, टेबलाबाहेर उडाला, किंवा आठला मारताना पांढरा पडला की डाव गेला. क्वीन घेतली आणि कव्हर नाही मिळालं तर क्वीन परत बोर्डावर येते, पुन्हा संधी असते. इथे नसते.

आकडा वाढला की

दहाव्या आठवड्यात मी जिंकले. मग अकराव्या. मग एका सात आकड्याच्या माणसाला २–४ असं हरवलं आणि आमच्या टेबलावर इतका आरडाओरडा झाला की बारटेंडरने सगळ्यांना फ्राइज आणून दिल्या. पंधराव्या आठवड्यात गुणपत्रिकेवर माझ्या नावापुढे ४ छापून आला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन मात्र पेन्सिल घेऊन बसला. कारण त्या रात्री खेळणाऱ्या पाच जणांच्या आकड्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. आमचे पाच होते ७, ६, ४, ३ आणि ३. बरोबर तेवीस. माझी चार झाल्यावर चोवीस! आमच्यातला सहा आकड्याचा गडी इलेक्ट्रिशियन आहे, फार चांगला खेळतो, त्याला बसवून पाच आकड्याचा एक जण घ्यावा लागला: ७, ५, ४, ४, ३. पुढचे दोन आठवडे तो माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. मी सुधारले म्हणून त्याची जागा गेली.

आणि मी परत हरायला लागले. कालपर्यंत तीनशी खेळताना दोन डाव पुरत होते, आता तीन लागतात. एक टाइमआउट गेला. खेळ तोच आहे, फक्त त्याची किंमत वाढली.

या टप्प्यावर कुणीतरी तुमच्या कानात सांगेल की एक-दोन सामने सोड, इनिंग (दोघांची एकेक पाळी झाली की एक इनिंग) वाढव, आकडा खाली येईल. याला सँडबॅगिंग म्हणतात. आकडा केवळ हार-जितीवरून ठरत नाही, एक डाव जिंकायला तुम्हाला किती इनिंग लागल्या हेही धरतात, आणि मुद्दाम लांबवणाऱ्याला ते सोपं वाटतं. करू नका. नीतीचा भाग सोडा, पण मुद्दाम चुकवायची सवय हाताला लागली की ती सांगितल्यावर जात नाही. शिवाय दोन्ही संघ कागद भरत असतात, समोरच्या टेबलावरच्या बाया-माणसांना सगळं दिसतं.

त्याऐवजी आकडा वाढायची चिन्हं दिसली की आधीच कॅप्टनशी बोला. वहीत इनिंग मोजत असाल तर दोन-तीन आठवडे आधी अंदाज येतो. ज्याला बसावं लागणार त्यालाही स्वतः सांगा, गुणपत्रिकेवरून कळू देऊ नका. मी नाही सांगितलं, म्हणून म्हणते. पुढे एका मंगळवारी मीच बाहेर बसले, तो खेळला, आणि रात्री त्याने माझ्या काठीला नवं टोक बसवून दिलं. तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. (हो, मी काठी घेतली. दुसऱ्या हंगामात.)

आणि तो उरलेला एकुलता एक टाइमआउट आठच्या आधीच्या चेंडूसाठी राखा. आठसाठी नको. आठवर कॅप्टन फार काही सांगू शकत नाही, पण आधीच्या चेंडूवर पांढरा कुठे न्यायचा हे सांगू शकतो. मागच्या मंगळवारी मी तो माझ्या तिसऱ्याच चेंडूवर खर्च करून टाकला. सामना बरोबरीत, शेवटचा डाव. कॅप्टन खुर्चीत हाताची घडी घालून बसलेला, डोळे माझ्यावर, तोंड बंद. मी मधल्या पॉकेटवर खूण ठेवली, आठ घातला, आणि पांढरा निवांत तीन रेल फिरून कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये पडला.

गाडी गरम होत होती तेव्हा फोन वाजला.

‘जिंकलीस का गं?’

‘जिंकत होते.’

‘बरं,’ आई म्हणाली, ‘थांब जरा, दूध उतू जाईल.’