स्टॅटिक कॅरॅव्हानमध्ये राहताय? कौन्सिल टॅक्सचं काम असं मार्गी लावा

आपल्याकडे घरपट्टी मालकाच्या नावावर निघते. ब्रिटनमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) घरपट्टी, सहसा घरात राहणाऱ्याच्या नावावर निघते, आणि स्टॅटिक कॅरॅव्हान, म्हणजे पार्कात कायम एका जागी उभं असलेलं चाकांवरचं घरही त्यातून सुटत नाही. अनेकांना वाटतं, कॅरॅव्हान म्हणजे गाडीच, तिला कसली आलीय घरपट्टी? पण १९९२च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स अॅक्टनुसार कॅरॅव्हान आणि ती उभी असलेली जागा, म्हणजे पिच, दोन्ही मिळून एक घर धरलं जातं. अट एकच: ते कुणाचं तरी एकमेव किंवा मुख्य राहतं घर असलं पाहिजे. खाली दिलेली माहिती इंग्लंड आणि वेल्सची आहे. स्कॉटलंडमध्ये बँड, म्हणजे घराच्या किमतीनुसार ठरणारा कराचा गट, तिथले असेसर (मूल्यांकन अधिकारी) ठरवतात आणि उत्तर आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स नाहीच, तिथे रेट्स नावाचा वेगळा कर भरावा लागतो.

१. आधी साइटचा (कॅरॅव्हान पार्कचा) कागद वाचा

पैसे मोजण्याआधी दोन कागद मागा: पिचचा करार आणि कौन्सिलने साइटला दिलेला परवाना. करारात ‘हॉलिडे यूज ओन्ली’ असं लिहिलं असेल, किंवा वर्षातले काही आठवडे पार्क बंद राहील असं कलम असेल, तर ती हॉलिडे साइट आहे. अशा साइटवर बिझनेस रेट्स, म्हणजे व्यवसायाच्या जागेवरचे कर, लागतात. ते साइटमालक भरतो आणि बहुतेक वेळा तुमच्या वाट्याची रक्कम साइट फीबरोबर वसूल करतो. तुमचं मुख्य घर दुसरीकडे आहे याचा पुरावा म्हणून पार्कवाले तिथलं कौन्सिल टॅक्सचं बिल मागतात, ते यासाठीच.

निवासी साइट असेल तर इंग्लंडमध्ये १९८३च्या मोबाइल होम्स अॅक्टचं आणि वेल्समध्ये २०१३च्या मोबाइल होम्स (वेल्स) अॅक्टचं संरक्षण मिळतं. कौन्सिल टॅक्स पिच फीव्यतिरिक्त, थेट कौन्सिलला भरायचा असतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. ‘बारा महिने उघडं’ म्हणजे ‘बारा महिने राहायची परवानगी’ नव्हे. पार्क वर्षभर उघडं असूनही परवाना फक्त सुट्टीपुरता असू शकतो. अशा ठिकाणी तुम्ही कायमचे राहू लागलात, तर कौन्सिल तुमच्याकडून टॅक्स घेऊ शकते आणि त्याच वेळी तिचा नियोजन विभाग तिथल्या राहण्यावर कारवाईही करू शकतो. टॅक्सची पावती म्हणजे राहण्याचा परवाना नाही. विक्रेता काहीही सांगो, हे पक्कं लक्षात ठेवा. हॉलिडे साइटवर मोबाइल होम्स अॅक्टचं संरक्षणही नसतं, त्यामुळे करार मोडला की जागा जाऊ शकते.

२. मुख्य घर कोणतं, ते ठरवा

कायद्यात याची सरळ व्याख्या नाही. रात्री कुठे जास्त काढता, कुटुंब कुठे राहतं, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव कोणत्या पत्त्यावर आहे, मतदार यादीत आणि बँकेत कुठला पत्ता आहे, सामान कुठे आहे, असं सगळं एकत्र पाहून कौन्सिल निर्णय घेते. पुण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट आहे एवढ्यावरून कॅरॅव्हान मुख्य घर नाही असं ठरत नाही. प्रत्यक्षात राहता कुठे, हे बघितलं जातं.

कॅरॅव्हान भाड्याने घेतली असेल आणि मालक तिथे राहत नसेल, तर टॅक्सची जबाबदारी राहणाऱ्याची, म्हणजे तुमची. भाडं ‘सगळं धरून’ असेल तर करारात कौन्सिल टॅक्सचा उल्लेख स्पष्ट लिहून घ्या. मालकाने पैसे भरले नाहीत तर कौन्सिल तुमच्याच दारात येईल.

३. कौन्सिलला कळवा

राहायला आल्याची तारीख कौन्सिलच्या संकेतस्थळावर भरा. सोबत पिच क्रमांक, पार्कचं नाव आणि पोस्टकोड द्या. पार्कातल्या सगळ्या कॅरॅव्हानना बऱ्याचदा एकच पोस्टकोड असतो, आणि पिच क्रमांक राहून गेला की बिल साइट ऑफिसात पडून राहतं किंवा शेजाऱ्याकडे जातं. आधीच्या घराचं खातं त्याच दिवशी बंद करायला सांगा, नाहीतर दोन्हीकडची बिलं येत राहतील.

पिचची नोंद कौन्सिल टॅक्सच्या यादीत नसेल तर कौन्सिल ते प्रकरण बँड ठरवणाऱ्या व्हॅल्युएशन ऑफिसकडे पाठवते. नोंद व्हायला वेळ लागला तरी टॅक्स मागच्या तारखेपासून लागू शकतो. तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

४. बँड तपासा

बँड ठरवताना इंग्लंडमध्ये घराची १ एप्रिल १९९१ची किंमत धरली जाते आणि वेल्समध्ये १ एप्रिल २००३ची. इंग्लंडमध्ये ४०,००० पौंडांपर्यंत ए बँड आहे, वेल्समध्ये ४४,००० पौंडांपर्यंत. स्टॅटिक कॅरॅव्हान बहुतेक वेळा ए मध्येच बसते. ए बँडचा टॅक्स डी बँडच्या सहा नवमांश असतो. २०२५-२६मध्ये इंग्लंडचा सरासरी डी बँड २,२८० पौंड होता, म्हणजे ए बँड सुमारे १,५२० पौंड.

ए हा सगळ्यात खालचा बँड, त्यामुळे तो आणखी कमी करून घेण्याचा प्रश्नच नाही. पण ही जागा तुमचं मुख्य घर नाही, किंवा ती साइटच्या बिझनेस रेट्समध्ये आधीच धरलेली आहे, असं असेल तर नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. एकाच पिचवर दोन्ही कर लागू शकत नाहीत. निकाल लागेपर्यंत बिल मात्र भरत राहा.

५. सवलती मागून घ्या

या आपोआप मिळत नाहीत.

- एकटेच राहत असाल तर २५ टक्के सूट. वरच्या उदाहरणात १,५२०चे १,१४० होतात.
- घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर टॅक्स माफ. विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि त्याच्या व्हिसावर काम करायला किंवा सरकारी लाभ घ्यायला मनाई असेल, तर इंग्लंडमध्ये त्यालाही मोजणीतून वगळतात. हा नियम पुष्कळ विद्यार्थ्यांना माहीत नसतो.
- अपंग व्यक्तीसाठी घरात व्हीलचेअर फिरवायला जागा ठेवली असेल किंवा तिच्या गरजेसाठी वेगळी खोली अथवा जादा बाथरूम असेल, तर ए बँडवरही एक नवमांश डी बँडइतकी कपात मिळते.

उत्पन्न कमी असणाऱ्यांसाठी कौन्सिल टॅक्स रिडक्शन नावाची वेगळी सवलत आहे. पण व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी लाभ घेता येणार नाहीत) असा शेरा असेल तर त्यासाठी अर्ज करू नका. इमिग्रेशनच्या नियमांत तो सरकारी लाभ धरला जातो आणि व्हिसाला बाधा येऊ शकते. एकट्याची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी मात्र त्यात मोडत नाहीत, त्या बिनधास्त घ्या.

६. हप्ते

नेहमीचे १० हप्ते, एप्रिल ते जानेवारी. १२ हप्ते हवे असतील तर आधीच लेखी मागा. हप्ता चुकला तर स्मरणपत्र येतं. ७ दिवसांत भरला नाही तर हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची सगळी बाकी एकदम मागितली जाते. त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स येतं आणि त्याचा खर्चही बिलात चढतो. पैशांची ओढाताण असेल तर स्मरणपत्र आल्याबरोबर फोन करा, समन्स निघाल्यावर नको.

घराच्या मागच्या अंगणात कॅरॅव्हान असेल तर

आजी-आजोबा किंवा मुलं त्यात झोपतात पण जेवण, आंघोळ मुख्य घरात करतात, अशी वापरातली कॅरॅव्हान साधारणपणे त्या घराचाच भाग मानली जाते. तिथे कुणी वेगळं बिऱ्हाड थाटलं, स्वतःची चूल मांडली, तर मात्र वेगळा बँड लागू शकतो.

७. सोडून जाताना

शेवटची तारीख आणि नवा पत्ता कळवा. कॅरॅव्हान ओढून नेली आणि पिच रिकामं झालं, तर इंग्लंडमध्ये ते ‘क्लास आर’ या करमाफीच्या वर्गाखाली करमुक्त ठरतं. कॅरॅव्हान तिथेच रिकामी उभी राहिली तर मालकाच्या नावावर बिल येऊ शकतं. जास्त भरलेले पैसे परत मिळतात, पण त्यासाठी बँक खात्याचा तपशील स्वतः पाठवावा लागतो.