जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट: या चुका टाळा

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "किट कितीत बसेल?" इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाताना तयार होणारा दाब) किती आहे, हे कुणी विचारत नाही. बारा-पंधरा वर्षं पळालेल्या इंजिनात दम उरला नसेल, तर गॅसवर ते लगेच उघडं पडतं. म्हणून किट ठरवण्याआधी इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, एक्सलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्के खाली असेल, तर आधी इंजिनाचं काम करा, मग किट बसवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाची: त्याच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये ठेवायची बारीक फट (गॅप) कुणी तपासत नाही. प्रकरण साधारण असं घडतं: किट बसवून तीस-चाळीस हजार किलोमीटर झालेली हॅचबॅक आयडलला थरथरते, घाटात दम सोडते. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग रिड्यूसर (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग) खोलतात, मग गॅसचे इंजेक्टर. पैसे जातात, मिसिंग (एखाद्या सिलिंडरने नीट न पेटणं) राहतंच. शेवटी कॉम्प्रेशन बघतात, तर तीन सिलिंडर 12 बारवर आणि एक 7 बारवर. हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली सापडते.

कारण साधं आहे. सीएनजी कोरडा असतो. पेट्रोलमुळे व्हॉल्व्ह आणि सीटला (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती जागा) जे थोडंफार संरक्षण मिळतं, ते गॅसवर मिळत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा गॅप कमी होत होत संपतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि त्या फटीतून तापलेला धूर निसटत राहतो. गंमत म्हणजे गॅप संपत आला की टॅपेटचा आवाजही थांबतो आणि मालक खूश: "इंजिन किती शांत झालंय!" किट बसवल्यावर पहिल्यांदा 5,000 किलोमीटरला आणि पुढे दर 10,000 ला, थंड इंजिनावर फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. एक्झॉस्टचा गॅप मॅन्युअलमधल्या वरच्या मर्यादेशी ठेवावा. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप जुळवणारे) असतील तर सेटिंग नसतं. तिथे कॉम्प्रेशनवर नजर ठेवा.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे पीयूसीसाठी मिश्रण पातळ (इंधन कमी, हवा जास्त) करून घेणं. बीएस-2 आणि बीएस-3 पेट्रोल गाडीला आयडलला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा 0.5 टक्के आणि एचसीची (न जळलेलं इंधन, हायड्रोकार्बन) 750 पीपीएम. बीएस-4 ला 0.3 टक्के आणि 200. सीओ खाली आणायला स्क्रू आवळला की तो उतरतो खरा, पण अति पातळ मिश्रण नीट पेटत नाही, मग एचसी चढतो. शिवाय पातळ मिश्रणावर व्हॉल्व्ह आणखी तापतो, म्हणजे वरचीच कथा लवकर घडते. पीयूसीला जाण्याआधी गाडी पंधरा-वीस मिनिटं नीट चालवा. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असताना काम करत नाही, आणि निम्म्या गाड्या घरातून थेट केंद्रावर थंडच येतात. सायलेन्सरचा जॉइंट फुटका असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडे खोटे येतात. तो आधी बदला.

आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप पातळ होतं. ते गॅस अॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) लावूनच जुळवावं, कानाने नाही. जुने रबरी पाइप इथेनॉलला चालणारे घाला, आणि टाकीतला जुना गाळ सुटतो म्हणून दोन-तीन टाक्यांनंतर पेट्रोल फिल्टर बदला. गॅसवर गाडी चालवणारे पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. टाकीतला पंप थंड राहावा म्हणून पाव टाकी ठेवाच, पण आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवून ते संपवत राहा.

बाकी किरकोळ: एअर फिल्टर दर 5,000 ला साफ करा, चोंदला की गॅस जास्त जातो. प्लगचा गॅप 0.7-0.8 मिलिमीटर. स्टार्ट पेट्रोलवरच करा. रिड्यूसरला गरम कूलंट मिळालं नाही तर तो गोठतो. किटची नोंद आरसी आणि विमा, दोन्हीकडे हवी. गॅसच्या टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर 3 वर्षांनी. 200 बारला भरणाऱ्या टाकीच्या बाबतीत "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्याच्या मागच्या सीटवर बसू नये.